सातव्या इनिंगला उठणारा माणूस

हेमचंद्र पाठारे हा आमच्या शहरातला सगळ्यांत निष्ठावान बेसबॉलप्रेमी होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं मत विचारायची वेळ त्याने कधी येऊ दिली नाही. ओहायोतलं आमचं शहर, तळ्याकाठचं अवाढव्य स्टेडियम, आणि त्यात वर्षानुवर्षं हरणारी आमची टीम. टीमचं नाव मी लिहीत नाही, बिचारीची आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे. हेमचंद्र मुंबईहून इथे आला तेव्हा ती हरत होती, त्याच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा हरत होती, आणि मी सांगतेय त्या पंच्याऐंशी सालीही हरतच होती. पण एकदा आपली म्हटली की आपली, असं तो म्हणे.

तो कुठलीच गोष्ट सोडत नसे. अमेरिकेत आल्यावर जो पहिला न्हावी भेटला तोच त्याने कायम ठेवला. न्हावी म्हातारा झाला, त्याचा हात थरथरायला लागला, तरी हेमचंद्र त्याच्याकडेच जाई, आणि दोन्ही कान शाबूत घेऊन परत येई याचं त्याच्या बायकोला, कांचनला, दर महिन्याला नवल वाटे. नोकरीही तीच, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायची. तिथला साहेब, मिस्टर हॅस्कल, त्याला पहिल्या दिवसापासून हेन्री म्हणत आला होता. हेमचंद्रने तेही बदललं नाही.

सोडायचा तो फक्त मॅच. बेसबॉलची मॅच नऊ इनिंगची असते. सातवी सुरू झाली की हेमचंद्र उठे, थर्मासचं झाकण घट्ट फिरवी आणि म्हणे, "चला, पार्किंग लॉटमध्ये गर्दी व्हायच्या आत निघू."

आता हरणाऱ्या टीमच्या मॅचला कसली आलीय गर्दी! एवढ्या मोठ्या स्टेडियमात इकडेतिकडे विखुरलेली माणसं, त्यातली निम्मी तळ्यावरच्या वाऱ्याने काकडलेली. पण त्याच्यापुढे आम्ही हात टेकले होते. उरलेली मॅच तो गाडीतल्या रेडिओवर ऐके. एकदा आमच्या टीमने चमत्कार केला, नवव्या इनिंगला होम रन मारून हातातून गेलेली मॅच जिंकली. तेव्हा आम्ही सगळे गॅस स्टेशनवर होतो आणि हेमचंद्र टाकी भरत होता. त्या होम रनचं वर्णन तो आजही असं करतो की ऐकणाऱ्याला वाटावं, चेंडू याच्याच मांडीवर येऊन पडला.

मी नीला. दर रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये ही मंडळी जमत. माझा नवरा श्रीरंग युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायचा, त्यामुळे त्याला बेसबॉलमध्ये माणसं दिसतच नसत, फक्त आकडे दिसत. नागपूरचा प्रताप नावाचा पीएचडीचा विद्यार्थी यायचा. बेसबॉलसाठी येतो असं तो सांगे, पण त्याचं लक्ष माझ्या पोह्यांकडे असायचं. आणि मध्यभागी, सोफ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात, हेमचंद्र. वर्षभर सुरळीत चाललेली ही बैठक डेल रस्कोपायी मोडायची वेळ आली.

रस्को हा आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. त्याचा करार संपला आणि तो फ्री एजंट झाला. म्हणजे मोकळा. जी टीम जास्त देईल तिच्याकडे जायला मोकळा. तो कॅलिफोर्नियात गेला. त्याबद्दलही हेमचंद्रचं फारसं म्हणणं नव्हतं. "पोरगा आहे, थंडीला कंटाळला असेल," असं उदार मनाने म्हणाला होता. पण तिकडे पोचल्यावर रस्कोने पेपरवाल्यांना सांगितलं, "जुन्या टीममध्ये खेळताना एकटं वाटायचं. सातव्या इनिंगनंतर वर बघितलं की सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आपण कुणासाठी खेळतोय तेच कळायचं नाही."

त्या रविवारी हेमचंद्र पेपरची घडी मुठीत आवळूनच बेसमेंटचा जिना उतरला.

"वाचलंत? हे वाचलंत?"

"अरे, त्याचं बोलणं सोड, त्याची बॅटिंग बघ," श्रीरंग म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी ॲव्हरेज तीनशेच्या घरात होती, म्हणजे हजारात तीनशे हिट, गेल्या सीझनला दोनशे साठ. एरर्स वाढल्यात. गेला ते बरंच झालं."

"मला त्याच्या ॲव्हरेजशी देणंघेणं नाही. साठ असती तरी मी त्याला घरचा मानला असता! पण ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घराची नालस्ती करायची? जाणाऱ्याने गुमान जावं. मागच्यांबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, नाहीतर तोंड बंद ठेवावं."

"पण काका, तो खोटं कुठे बोलला यार?" प्रतापने पोह्यांतून डोकं वर काढलं.

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. प्रश्न रीतीचा आहे."

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "भावजी, सातव्या इनिंगला उठून जाणारे म्हणजे आपणच की!"

हेमचंद्रने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. "आम्ही उठून जात नाही," तो म्हणाला. "आम्ही मॅच गाडीत पुढे चालू ठेवतो."

त्यानंतर रस्कोचं नाव त्याने टाकलं. 'तो' म्हणायचा. टीव्हीवर रस्को दिसला की चष्मा पुसायला घ्यायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, हेमचंद्रच्या ऑफिसमध्ये डिझाइनचा प्रमुख रिटायर झाला. ती जागा हेमचंद्रचीच, हे पंपांनासुद्धा माहीत होतं. हॅस्कलने ती केव्हिन नावाच्या तरुणाला दिली. या केव्हिनला पंपाचं ड्रॉइंग उभं धरायचं की आडवं, इथपासून हेमचंद्रने शिकवलं होतं. हॅस्कलने वर हेमचंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हेन्री, तुझ्याशिवाय त्याचं कसं व्हायचं? तू असशील ना त्याच्या मदतीला?"

हेमचंद्र आम्हाला यातलं काहीच बोलला नाही. मला कांचनने सांगितलं. संध्याकाळी तो घरी यायचा आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहायचा, रेडिओ लावून. "फेब्रुवारीत कसली गं मॅच असते?" कांचन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. इतका बोलका माणूस, आणि स्वतःच्या घरात शिरायच्या आधी त्याला असा दम घ्यावा लागत होता.

कांचनने मात्र रडून झाल्यावर कंबर कसली. "त्या ऑफिसात आता तुम्ही राहायचं नाही. दुसरी नोकरी बघायची," तिने बजावलं.

"अगं, पण त्यांचं मीठ खाल्लंय मी."

"मीठ? डबा मी घरून देते! त्यांच्या कँटीनचं मीठ तुम्ही चाखलंत तरी का कधी?"

हेमचंद्र इंटरव्ह्यूंना जायला लागला. आणि इथे तो स्वतःच्या तत्त्वात अडकला. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात की आत्ताची नोकरी का सोडताय. रस्कोला ज्या तोंडाने शिव्या घातल्या, त्याच तोंडाने आपल्या कंपनीबद्दल वावगं कसं बोलायचं? पहिल्या ठिकाणी त्याने कंपनीची स्तुती सुरू केली. माणसं चांगली, काम चांगलं, साहेब तर देवमाणूस. समोरचा गोंधळून म्हणाला, "मग सोडताय कशाला?"

"प्रश्न चांगला आहे," हेमचंद्र म्हणाला आणि गप्प बसला.

दुसरीकडे त्यांना वाटलं, या गृहस्थाने काहीतरी भानगड केली असणार आणि लपवतोय. तिसरीकडे तर त्याने हॅस्कलचं असं काही गुणगान केलं की इंटरव्ह्यू घेणाऱ्याने दार बंद केलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "तुमच्या कंपनीत माझ्या मेव्हण्यासाठी एखादी जागा निघेल का हो?"

शेवटी एका रविवारी आम्ही बेसमेंटमध्ये त्याची तालीम घेतली. श्रीरंग टाय लावून टेबलामागे बसला. हेमचंद्रची मुलगी दीपा, तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, सोफ्याच्या हातावर बसून मार्गदर्शन करत होती.

"बाबा, इट्स सो ईझी. जस्ट से यू वॉन्ट ग्रोथ."

"म्हणजे तिथे ग्रोथ नाही, असाच अर्थ झाला."

"बट देअर इज नो ग्रोथ!"

"ते आपल्यात. बाहेर नाही."

"मग चॅलेंज हवंय म्हण," श्रीरंगने सुचवलं.

"म्हणजे आत्ता मी झोपा काढतो?"

प्रताप म्हणाला, "काका, सरळ सांगा ना, त्यांनी तुम्हाला गंडवलं." हेमचंद्र ताडकन उठला. "मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?" 'त्याच्यात' म्हणजे कुणात, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र संताप आला. एक माणूस कॅलिफोर्नियात उन्हात मजेत खेळतोय, त्याच्यावरचा राग म्हणून हा इथे गॅरेजमध्ये कुढत बसणार! तसं मी बोललेही. तो दुखावला, आणि पोहे न खाता गेला. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

जूनमध्ये रस्को त्याच्या नव्या टीमबरोबर आमच्या शहरात खेळायला आला. जुने खेळाडू असे परत आले की लोक त्यांना 'बू' करून नको नको करतात. आम्ही सगळे गेलो. तिकिटं श्रीरंगने काढली होती, आणि ती नेमकी तिसऱ्या बेसच्या बाजूची होती. हेमचंद्रने आधीच जाहीर केलं, "मी ओरडणार नाही. ते आपल्याला शोभत नाही. तो बॅटिंगला आला की मी त्याच्याकडे बघणारच नाही. डबा उघडून खायला लागेन. हा माझा असहकार."

तसा त्याने असहकार सुरू केला. रस्को मैदानात आला, सगळीकडून बू सुरू झालं, आणि हेमचंद्र मान खाली घालून बटाट्याच्या भाजीचं सँडविच खायला लागला. आमच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ बिअरचा ग्लास उंचावून रस्कोचा उद्धार करत होते. वास आला तसे ते मागे वळले. "व्हॉट इज दॅट?" हेमचंद्रने मुकाट्याने एक सँडविच पुढे केलं. गृहस्थांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि बू करायचे विसरून गेले. पुढच्या वेळी रस्को आला तेव्हा ते आधीच हात पसरून मागे वळून बसले होते.

सहाव्या इनिंगला वारा सुटला. कांचनने स्वेटर आणायला म्हणून गाडीची किल्ली मागून घेतली, जाऊन स्वेटर आणला, आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. सातवी सुरू झाली. हेमचंद्र उठला, थर्मासचं झाकण फिरवलं. "चला, गर्दी व्हायच्या—"

"आज मी शेवट बघणार आहे," कांचन म्हणाली.

"अगं, गाडीत ऐकू की."

"इतकी वर्षं ऐकला. आज बघणार."

"किल्ली दे."

कांचनने पर्स मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि मैदानाकडे पाहू लागली. हेमचंद्र थोडा वेळ तसाच उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी "सिट डाउन!" ओरडलं, म्हणून बसला.

आणि मग आम्ही जन्मात पहिल्यांदा ते पाहिलं. लोक उठायला लागले. आधी एकेकटे, मग कुटुंबंच्या कुटुंबं, पोरांना काखोटीला मारून, चादरी गुंडाळून. रांगाच्या रांगा रिकाम्या होत गेल्या. आपण जे नेहमी करत होतो ते लांबून असं दिसतं, याची मला कल्पना नव्हती. नववी इनिंग आली तेव्हा आमच्या भागात आम्ही, ते धिप्पाड गृहस्थ आणि झोपलेले एक आजोबा, एवढेच उरलो होतो. मैदानावर आमची पोरं धडपडत खेळत होती. बॅटचा आवाज मोकळ्या खुर्च्यांवर आपटून परत येत होता. हेमचंद्रकडे खायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला बघावं लागत होतं.

शेवटचा चेंडू उंच उडून तिसऱ्या बेसकडे आला आणि रस्कोने झेलला. आम्ही नेहमीसारखे हरलो. रस्को चेंडू हातात घेऊन जायला निघाला, थबकला आणि त्याने वर पाहिलं. अगदी आमच्याकडे. त्याने टोपी काढून हातात उंच धरली आणि ओरडला, "थँक्स फॉर स्टेइंग, फोक्स!"

हेमचंद्रच्या हातात डब्याचं झाकण होतं. तो हात आपोआप वर गेला.

"बाबा, यू वेव्हड ॲट हिम!" दीपा किंचाळली.

"झाकण पुसत होतो," हेमचंद्र म्हणाला.

पार्किंग लॉटमध्ये गर्दी नव्हतीच. गाडी सुरू करून त्याने सवयीने रेडिओ लावला, तर कुठलीतरी गादीची जाहिरात चालली होती. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने रेडिओ बंद केला.

पुढच्याच आठवड्यात त्याचा एक इंटरव्ह्यू होता. तिथेही तोच प्रश्न आला. हेमचंद्र म्हणतो, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर त्या रिकाम्या खुर्च्या आल्या. तो म्हणाला, "मी ज्याला शिकवलं, त्याला माझ्या डोक्यावर बसवलं. आता तिथे माझं काम कुणी बघत नाही. पण त्या मुलाला शिकवलंय मात्र मी नीट. त्याला विचारा."

त्यांनी खरंच केव्हिनला फोन केला. केव्हिन काय बोलला ते आम्हाला कळलं नाही, पण दोन दिवसांत नोकरी मिळाली. हुद्दा डिझाइनच्या प्रमुखाचा. त्या रविवारी हेमचंद्र आला आणि त्याने दोन बश्या पोहे खाल्ले. मी त्याला 'सॉरी' म्हणायचं ठरवलं होतं, पण तिसरी बशी पुढे केली आणि त्यावर भागवलं.

जुन्या कंपनीचा निरोप घ्यायचा मात्र रीतीप्रमाणेच, हे त्याचं ठरलेलं होतं. त्याने भाषण तयार केलं. आमच्या बेसमेंटमध्ये दोनदा म्हणून दाखवलं. त्यात पहिल्या हिवाळ्यात बर्फात अडकलेली गाडी ढकलणाऱ्या वॉचमनपासून हॅस्कलपर्यंत सगळ्यांचे आभार होते, आणि तक्रारीचा एक शब्द नव्हता. "इंटरव्ह्यूत विचारलं म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "निरोपाला चांगलंच बोलायचं असतं." प्रतापने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. श्रीरंगने घड्याळ लावून पाहिलं आणि थोडी काटछाट कर म्हणून सुचवलं. हेमचंद्रने ऐकलं नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिसने केक आणला. त्यावर 'गुड लक, हेन्री' लिहिलं होतं. सगळ्यांनी केक खाल्ला, आणि हेमचंद्रने घसा साफ करून भाषण सुरू केलं. पुढचं त्याने आम्हाला रविवारी सांगितलं, सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात बसून.

"बर्फात अडकलेल्या गाडीपर्यंत सगळे होते," तो म्हणाला. "मग साडेचार वाजले. आमच्या पार्किंग लॉटला बाहेर पडायला एकच रस्ता आहे, आणि शुक्रवार. एकेक जण खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग एकेक जण उठला. हॅस्कलचे आभार मानायची पाळी आली तेव्हा हॅस्कल जॅकेट घालून दारात होता. लांबूनच हात केला, 'कीप गोइंग, हेन्री, कीप गोइंग!' आणि गेला."

हसावं की काय करावं ते कळेना.

"मग तुम्ही काय केलंत, काका?" प्रतापने विचारलं.

"भाषण पुरं केलं. एक केव्हिन बसला होता ना. शेवटच्या शब्दापर्यंत बसला. माझं पुरं नाव म्हणून थँक यू म्हणाला. कुठून शिकला कोण जाणे."

कांचनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हेमचंद्रने चष्मा काढून पुसला. टीव्हीवर बेसबॉल चालू होतं, पण रस्को त्यात नव्हता. चष्मा परत लावून तो श्रीरंगकडे वळला.

"काय रे, रस्कोची ॲव्हरेज यंदा किती चाललीय?"

थंडीपासून त्याने ते नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. श्रीरंग जरा चाचरला. "वाईट आहे. दोनशे चाळीसच्या खाली."

"सुधारेल," हेमचंद्र म्हणाला. "तिकडे शेवटपर्यंत बसतात म्हणे लोक."